इंग्रजी साहित्याच्या संशोधनाचा प्रारंभ आणि संदर्भग्रंथांचा उपयोग : ‘द रिव्हेंजर्स ट्रॅजेडी’च्या कर्तृत्वाच्या निमित्ताने

सारांश

इंग्रजी साहित्यातील संशोधनाचा आरंभ संदर्भग्रंथांपासून का करावा व तो कोणत्या क्रमाने करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. विवेचन केवळ सूचनात्मक राहू नये म्हणून ‘द रिव्हेंजर्स ट्रॅजेडी’ हे एकच नाटक उदाहरणादाखल घेतले आहे. या नाटकाचे कर्तृत्व सुमारे साडेतीनशे वर्षे एका नाटककाराकडे होते, आज ते सामान्यतः दुसऱ्याकडे दिले जाते. हा बदल संदर्भग्रंथांत कसा उमटला आहे हे पाहिल्यास प्रत्येक ग्रंथप्रकाराची शक्ती आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात.

बीजसंज्ञा : संदर्भग्रंथ, चरित्रकोश, ग्रंथसूची, ऐतिहासिक शब्दकोश, कर्तृत्वनिर्णय.

१. प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापक संशोधनाकडे वळतो तेव्हा त्याच्यापुढे दोन प्रश्न असतात. विषय कोणता घ्यावा, हा पहिला; सुरुवात कोठून करावी, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाची मार्गदर्शकांशी पुष्कळ चर्चा होते. दुसऱ्याचे उत्तर मात्र गृहीत धरले जाते. परिणामी वर्गात शिकवताना वापरलेली टिपणे, पाठ्यपुस्तकाची प्रस्तावना, हाती लागलेली दोन-तीन समीक्षेची पुस्तके आणि आंतरजालावरील शोध एवढ्या सामग्रीवर संशोधनाचा आराखडा उभा राहतो. पूर्वसंशोधनाचा आढावा घेण्याचे प्रकरण त्यानंतर, बरेचदा अगदी शेवटी, लिहिले जाते.

या क्रमातील धोका असा की, चुकीच्या गृहीतावर उभा असलेला विषय विद्यापीठात नोंदवला जातो आणि त्यावर दोन-तीन वर्षांचे श्रम खर्च झाल्यावर ते गृहीत डळमळीत असल्याचे लक्षात येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनंतर प्रबंधांची साधर्म्य-तपासणी सर्वत्र होऊ लागली, हे स्वागतार्हच आहे. परंतु ती तपासणी मजकूर दुसरीकडून घेतला आहे काय एवढेच सांगते; मजकुरातील विधान खरे आहे काय, हे सांगत नाही. ते काम संशोधकालाच करावे लागते आणि त्याची पहिली साधने म्हणजे संदर्भग्रंथ.

२. संदर्भग्रंथ : स्वरूप आणि प्रकार

जो ग्रंथ आरंभापासून शेवटपर्यंत वाचण्यासाठी नसून विशिष्ट प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी पाहावयाचा असतो, त्यास संदर्भग्रंथ म्हणता येईल. इंग्रजी साहित्याच्या अभ्यासकासाठी त्याचे ढोबळमानाने पाच वर्ग करता येतात : (१) साहित्यकोश व संज्ञाकोश, (२) चरित्रकोश, (३) भाषिक, विशेषतः ऐतिहासिक, शब्दकोश, (४) ग्रंथसूची, आणि (५) वार्षिक आढावे. यांखेरीज ‘संदर्भग्रंथांचे संदर्भग्रंथ’ असाही एक वर्ग आहे. रिचर्ड ऑल्टिक व अँड्र्यू राइट यांची १९६० ची निवडक सूची आणि मॉडर्न लँग्वेज असोसिएशनने प्रथम १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेले जेम्स हार्नर यांचे ‘लिटररी रिसर्च गाइड’ ही त्याची ठळक उदाहरणे होत. कोणत्या प्रश्नासाठी कोणता ग्रंथ पाहावा, हे असे ग्रंथ सांगतात. हार्नर यांचा ग्रंथ प्रत्येक साधनातील उणिवाही स्पष्टपणे नोंदवतो, म्हणून तो विशेष उपयुक्त आहे.

३. नमुना-विषय

समजा, एखाद्या अध्यापकाने ‘सिरिल टर्नर यांच्या नाटकांतील नीतिविचार’ हा विषय योजला आहे. विषय वरवर पाहता निर्दोष आहे. ‘द रिव्हेंजर्स ट्रॅजेडी’ व ‘दि एथीइस्ट्स ट्रॅजेडी’ ही दोन नाटके टर्नरच्या नावावर दीर्घकाळ शिकवली गेली आहेत. जुन्या आवृत्त्यांच्या शीर्षकपृष्ठांवर तेच नाव आढळते. टी. एस. एलियट यांनी १९३० मध्ये लिहिलेल्या प्रसिद्ध लेखातही पहिले नाटक टर्नरचेच मानलेले आहे. मग शंका घेण्याचे कारण काय? त्याचे उत्तर संदर्भग्रंथ क्रमाने पाहत गेल्यास मिळते.

४. साहित्यकोश आणि संज्ञाकोश

आरंभ सर्वांत सोप्या ग्रंथापासून करावा. ‘दि ऑक्सफर्ड कम्पॅनियन टु इंग्लिश लिटरेचर’ हा कोश सर पॉल हार्वे यांनी १९३२ मध्ये सिद्ध केला. मार्गारेट ड्रॅबल यांनी संपादित केलेली पाचवी आवृत्ती १९८५ मध्ये आणि डायना बर्च यांची सातवी आवृत्ती २००९ मध्ये निघाली. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात यांपैकी एखादी आवृत्ती सहसा असते. येथे एक साधी सवय उपयोगी पडते. शक्य असल्यास एकाच कोशाच्या दोन वेगवेगळ्या काळांतील आवृत्त्या शेजारी ठेवून तीच नोंद वाचावी. जेथे नोंद बदलली आहे, तेथे मधल्या काळात काहीतरी संशोधन झाले आहे असे समजावे. बदललेली नोंद ही संशोधकाला मिळालेली पहिली खूण होय.

संज्ञाकोशांचा उपयोग वेगळा आहे. एम. एच. एब्रम्स यांचा ‘अ ग्लॉसरी ऑफ लिटररी टर्म्स’ (१९५७) आणि जे. ए. कडन यांचा संज्ञाकोश (१९७७) अनेकांच्या परिचयाचे आहेत. त्यांतून केवळ व्याख्या उतरवून घेणे पुरेसे नाही. संज्ञेचा इतिहासही पाहावा. ‘रिव्हेंज ट्रॅजेडी’, म्हणजे सूडनाट्य, ही संज्ञा त्या काळच्या नाटककारांनी आपल्या नाटकांसाठी वापरलेली नाही. ए. एच. थॉर्नडाइक यांच्या १९०२ च्या निबंधाने तिला समीक्षेत स्थान मिळाले आणि फ्रेडसन बॉवर्स यांच्या १९४० च्या ग्रंथाने ती रूढ केली. म्हणजेच हा वर्ग विसाव्या शतकातील अभ्यासकांनी कल्पिलेला आहे. ‘नाटककाराने सूडनाट्याचे नियम मोडले’ असे विधान करण्यापूर्वी हे नियम कोणी व केव्हा मांडले, याचा विचार करणे त्यामुळे भाग पडते.

५. चरित्रकोश

लेखकाच्या जीवनासंबंधी पहिला आधार म्हणजे ‘डिक्शनरी ऑफ नॅशनल बायॉग्रफी’. लेस्ली स्टीफन यांच्या संपादकत्वाखाली १८८५ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प सिडनी ली यांनी १९०० मध्ये ६३ खंडांत पूर्णत्वास नेला. त्याची संपूर्ण नवी रचना ‘ऑक्सफर्ड डिक्शनरी ऑफ नॅशनल बायॉग्रफी’ या नावाने २००४ मध्ये ६० खंडांत आणि आंतरजालावर एकाच वेळी प्रसिद्ध झाली.

या दोन कोशांमधील शतकभराचे अंतर आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. जुन्या कोशाचे स्वामित्वहक्क संपल्याने तो आंतरजालावर विनामूल्य मिळतो. नव्यासाठी वर्गणी लागते. ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’च्या १९१०-११ च्या अकराव्या आवृत्तीचेही तसेच. त्या आवृत्तीतील टर्नरवरील नोंद कवी स्विनबर्न यांची आहे आणि तिच्यात ‘द रिव्हेंजर्स ट्रॅजेडी’ची मुक्त प्रशंसा टर्नरची कृती म्हणून केलेली आहे. ज्या अभ्यासकाच्या ग्रंथालयाला वर्गणी परवडत नाही, त्याच्या हाती अशा रीतीने आपोआप शंभर वर्षांपूर्वीचे ज्ञान येते. विनामूल्य साधन वापरण्यात काहीच गैर नाही. मात्र त्याचे प्रकाशनवर्ष टिपणात नोंदवणे अत्यावश्यक आहे.

२००४ च्या कोशात टॉमस मिडलटनवरील (१५८०–१६२७) नोंद गॅरी टेलर यांची आहे आणि हे नाटक मिडलटनच्या कृतींत गणले आहे. टर्नरच्या चरित्रात निश्चित माहिती थोडीच उरते : काही कविता, १६११ मध्ये स्वतःच्या नावाने छापलेले ‘दि एथीइस्ट्स ट्रॅजेडी’, १६२५ च्या कादिझ मोहिमेतील सहभाग आणि १६२६ मध्ये आयर्लंडमधील किन्सेल येथे मृत्यू.

येथे आपल्या कल्पित अध्यापकाच्या विषयाचा अर्धा पाया निघून जातो. दोन नाटकांवर उभारलेला ‘टर्नरचा नीतिविचार’ एका नाटकावर टिकेल काय, हा प्रश्न त्याला पहिल्या आठवड्यातच विचारता येतो. प्रबंध सादर करताना हाच प्रश्न परीक्षकाने विचारला, तर त्याचे मोल फार मोठे असते.

६. ग्रंथसूची : मूळ प्रती

एका कोशाच्या विधानावर विसंबून विषय बदलणे हेही अशास्त्रीय ठरेल. म्हणून मूळ पुराव्याकडे जावे. त्यासाठी मुद्रित ग्रंथांच्या सूची आहेत. पोलार्ड व रेडग्रेव्ह यांचा ‘शॉर्ट-टायटल कॅटलॉग’ (१९२६, सुधारित आवृत्ती तीन खंडांत, १९७६–१९९१) १४७५ ते १६४० या काळातील इंग्रजी ग्रंथांची नोंद करतो. त्यापुढील १७०० पर्यंतचा काळ डोनाल्ड विंग यांच्या सूचीत येतो. केवळ नाटकांसाठी डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग यांची चार खंडांची सूची (१९३९–१९५९) प्रमाणभूत आहे. लंडनच्या स्टेशनर्स कंपनीची नोंदवही एडवर्ड आर्बर यांनी १८७५ ते १८९४ या काळात मुद्रित केली. मुद्रकांनी पुस्तके छापण्यापूर्वी केलेल्या नोंदी तिच्यात पाहता येतात.

या साधनांतून पुढील वस्तुस्थिती हाती येते. नाटक ‘किंग्ज मेन’ या मंडळीने सादर केल्याचे शीर्षकपृष्ठावर छापले आहे. लेखकाचे नाव मात्र नाही. काही प्रतींवर १६०७, तर काहींवर १६०८ हे वर्ष आहे. मुद्रक जॉर्ज एल्ड यांनी ७ ऑक्टोबर १६०७ रोजी या नाटकाची नोंद ‘अ ट्रिक टु कॅच दि ओल्ड वन’ या मिडलटनच्या सुखात्मिकेसह एकत्र केली. टर्नरचे नाव प्रथम येते ते सुमारे ४९ वर्षांनंतर, १६५६ मध्ये, एडवर्ड आर्चर या ग्रंथविक्रेत्याच्या नाट्यसूचीत. फ्रान्सिस कर्कमन यांनी १६६१ व १६७१ च्या सूचींत तेच नाव पुन्हा दिले.

म्हणजे मूळ श्रेयनिर्देशही एका संदर्भसाधनातूनच आलेला आहे. आर्चरची सूची कितपत विश्वसनीय, हे तिच्यातील इतर नोंदींवरून ताडून पाहता येते. किडचे ‘द स्पॅनिश ट्रॅजेडी’ हे नाटक तिने शेक्सपिअरच्या नावावर घातले आहे. अशा सूचीतील एकाकी नोंद पुरावा म्हणून किती दुर्बळ असते, हे वेगळे सांगावयास नको.

आणखी एक बाब लक्षात ठेवावी. ‘शॉर्ट-टायटल कॅटलॉग’मध्ये या नाटकाचे क्रमांक २४१४९ व २४१५० असे असून ते टर्नरच्या नावाखाली येतात. सूचीचे क्रमांक एकदा रूढ झाले की जगभरचे ग्रंथपाल व अभ्यासक त्यांचाच निर्देश करतात, त्यामुळे ते सहसा बदलले जात नाहीत. सूचीतील स्थान हा ग्रंथाचा पत्ता असतो. कर्तृत्वाचा निर्णय नसतो. हा भेद न जाणल्याने सूचीचा हवाला देऊन चुकीचे विधान सिद्ध झाल्यासारखे मांडले जाऊ शकते.

७. ग्रंथसूची : समीक्षा आणि संशोधन

आता पूर्वसंशोधन पाहावयाचे. एफ. डब्ल्यू. बेटसन यांनी संपादित केलेली ‘केम्ब्रिज बिब्लिऑग्रफी ऑफ इंग्लिश लिटरेचर’ १९४० मध्ये निघाली. जॉर्ज वॉटसन यांच्या प्रमुख संपादकत्वाखालील तिची नवी आवृत्ती १९६९ ते १९७७ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध झाली. तिचा पहिला, १६६० पर्यंतचा, खंड १९७४ चा आहे. मिडलटनच्या कर्तृत्वाचा पक्ष भक्कम करणारे डेव्हिड लेक यांचे पुस्तक १९७५ मध्ये आणि मॅक्डॉनल्ड जॅक्सन यांचे १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. ही उत्कृष्ट सूची निर्णायक संशोधनाच्या एक वर्ष आधी थांबते. प्रत्येक सूचीची अंतिम मर्यादा प्रस्तावनेतून टिपून घ्यावी, असे ग्रंथपाल सांगतात ते याच कारणास्तव.

पुढील काळासाठी वार्षिक सूची आहेत. मॉडर्न ह्युमॅनिटीज रिसर्च असोसिएशनची वार्षिक सूची १९२० पासूनच्या प्रकाशनांची नोंद करते. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची सूचीही त्याच सुमारास सुरू झाली. परंतु १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती अमेरिकन अभ्यासकांच्या लेखनापुरती मर्यादित होती. १९३० च्या सुमारास ब्रिटनमध्ये काय लिहिले गेले हे पाहताना केवळ दुसरी सूची वापरल्यास बरेच निसटेल. दोन्ही सूची पाहणे हा श्रमांचा अपव्यय नव्हे.

या सूचींमधून वादाचा आलेख काढता येतो. ई. एच. सी. ऑलिफंट यांनी १९२६ मध्ये मिडलटनचे नाव सुचवले. त्यानंतर अर्धशतक दोन्ही बाजूंनी लेखन झाले. लेक व जॅक्सन यांनी स्वतंत्रपणे शब्दांची संक्षिप्त रूपे, उद्गारवाचक शब्द व लेखनपद्धती यांची मोजणी केली आणि दोघेही मिडलटनकडे आले. २००७ मध्ये गॅरी टेलर व जॉन लॅव्हॅग्निनो यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली ऑक्सफर्डने प्रसिद्ध केलेल्या मिडलटनच्या समग्र कृतींत या नाटकाचा समावेश झाला.

८. वार्षिक आढावे

सूची केवळ नावे सांगते. मूल्यमापन सांगत नाही. ते काम इंग्लिश असोसिएशनचे ‘द यिअर्स वर्क इन इंग्लिश स्टडीज’ करते. १९१९ पासूनच्या लेखनाचा हा टीकात्मक आढावा आहे. कोणत्या पुस्तकाने वादाची दिशा बदलली आणि कोणते केवळ पुनरुक्ती करणारे होते, याचा अंदाज त्यावरून येतो. नवोदित संशोधकाने आपल्या विषयाशी संबंधित किमान दहा वर्षांचे खंड सलग वाचावेत. आपला विषय आधीच कोणी हाताळला आहे काय, हे कळण्याचा हा सर्वांत लवकरचा मार्ग आहे.

९. ऐतिहासिक शब्दकोश

संहिता वाचताना अध्यापकाची सर्वाधिक फसगत ओळखीच्या शब्दांत होते. अनोळखी शब्द आपण कोशात पाहतो. ओळखीचा पाहत नाही. ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ शब्दाचे अर्थ कालक्रमाने, सालवार अवतरणांसह देते. तिची पहिली पुस्तिका १८८४ मध्ये निघाली, पहिली आवृत्ती १९२८ मध्ये पूर्ण झाली, दुसरी वीस खंडांत १९८९ मध्ये आली आणि २००० पासून तिसरी आवृत्ती आंतरजालावर क्रमशः सिद्ध होत आहे. तीत पाहिल्यास ‘लक्झरी’ म्हणजे त्या काळी कामुकता, स्त्रीच्या संदर्भात ‘ऑनेस्ट’ म्हणजे शीलवती आणि ‘प्रेझेंटली’ म्हणजे ताबडतोब, असे अर्थ समोर येतात. नीतिविचारावर लिहिणाऱ्याने ‘लक्झरी’चा अर्थ आजच्या चैनीचा घेतल्यास त्याचे सारे विवेचन घसरेल.

समकालीन कोशांचेही साहाय्य घ्यावे. या नाटकातील पात्रांची नावे (व्हिंडिचे, लुसुरिओसो, स्पूरिओ, कास्तित्सा) इटालियन असून त्यांतून अनुक्रमे सूड घेणारा, कामुक, अनौरस आणि शुद्धशील असे अर्थ सूचित होतात. जॉन फ्लोरिओ यांचा इटालियन-इंग्रजी कोश १५९८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला होता. टोरांटो विद्यापीठाच्या ‘लेक्सिकन्स ऑफ अर्ली मॉडर्न इंग्लिश’ या साधनात त्या काळचे असे अनेक कोश शोधता येतात.

या थोर शब्दकोशालाही मर्यादा आहेत. योर्गन शेफर यांनी १९८० मध्ये शेक्सपिअर व नॅश यांच्या लेखनाची तुलना करून दाखवले की, शेक्सपिअरच्या शब्दांची नोंद जितकी काटेकोर झाली, तितकी नॅशच्या शब्दांची झालेली नाही. ‘हा शब्द प्रथम शेक्सपिअरने वापरला’ हे विधान म्हणूनच ‘आतापर्यंत सापडलेला पहिला आधार शेक्सपिअरचा’ असे सौम्य करावे.

१०. आपल्याकडील परिस्थिती

हे सारे ग्रंथ लहान महाविद्यालयाच्या ग्रंथालयात असणे शक्य नाही. तथापि एक साहित्यकोश, एक संज्ञाकोश व एक चांगला शब्दकोश यांवर पहिली पायरी ओलांडता येते. सूची आणि वार्षिक आढाव्यांसाठी विद्यापीठाच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आठवडाभर बसण्याची तयारी ठेवावी. भारतात त्याच विषयावर प्रबंध झाला आहे काय, हे इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’ भांडारात पाहावे. केवळ आंतरजालावर विसंबणेही इष्ट नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश ग्रंथालयावर सायबर हल्ला झाला, तेव्हा तेथील सूची कित्येक आठवडे उपलब्ध नव्हती. मुद्रित सूची मात्र आपल्या जागी होत्या.

तौलनिक विषय घेणाऱ्यांना मराठी संदर्भग्रंथांचीही तितकीच गरज आहे. ‘हॅम्लेट’चे गोपाळ गणेश आगरकरांनी ‘विकारविलसित’ (१८८३) या नावाने केलेले रूपांतर अभ्यासताना शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’वाचून मराठीतील इतर शेक्सपिअर-रूपांतरांचा मागोवा घेणे कठीण आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधने आता सहज संदर्भांची यादी करून देतात. त्या यादीत अस्तित्वात नसलेली पुस्तकेही असू शकतात. तिच्यातील प्रत्येक नोंद प्रमाण सूचीत सापडल्याखेरीज टिपणात घेऊ नये.

११. निष्कर्ष

१. संदर्भग्रंथांचे अवलोकन विषय नोंदवण्यापूर्वी व्हावे; पूर्वसंशोधनाचा आढावा हा आराखड्याचा पाया आहे.

२. प्रत्येक संदर्भग्रंथाचे प्रकाशनवर्ष, आवृत्ती व अंतिम मर्यादा टिपून ठेवावी. विनामूल्य मिळणारा कोश बहुधा जुना असतो.

३. एका संदर्भग्रंथाचे विधान दुसऱ्या प्रकारच्या संदर्भग्रंथाने पडताळावे. दोन कोश एकमेकांची पुनरुक्ती करीत असतील, तर तो दुहेरी पुरावा नव्हे. आर्चर व कर्कमन यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे.

४. संदर्भग्रंथ हा संशोधनाचा आरंभ आहे, शेवट नव्हे. तो मूळ पुराव्यापर्यंत नेतो. निर्णय अभ्यासकानेच द्यावयाचा असतो.

५. आपल्या कल्पित अध्यापकाचा विषय वाया गेला असे मानण्याचे कारण नाही. ‘टर्नरचा नीतिविचार’ याऐवजी ‘एका नाटकाचे कर्तृत्व बदलल्याने त्याच्या नैतिक अन्वयार्थात झालेले परिवर्तन’ असा अधिक नेमका व अधिक नवा विषय त्याला याच साधनांनी मिळवून दिला आहे. पदव्युत्तर वर्गांत संशोधनपद्धती शिकवताना असे एखादे उदाहरण विद्यार्थ्यांकडून ग्रंथालयात प्रत्यक्ष करवून घेतल्यास, पुढे नोंदवल्या जाणाऱ्या विषयांचा दर्जा निश्चितपणे उंचावेल.